एकात्मिक ट्यूनेबल लेसर

दूर अंतराच्या ऑप्टिकल फायबर संदेशवहनात वापरला जाणारा अर्धसंवाहक लेसर. याची तरंगलांबी विजेच्या साहाय्याने बदलता येते. प्रकाश निर्माण करणारा भाग, आरसे आणि तरंगलांबीचे नियंत्रण हे सारे इंडियम फॉस्फाइडच्या एकाच चिपवर असते. सुटे, हलणारे भाग नसतात.

काचेच्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सर्वांत कमी क्षीण होतो, किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल. एर्बियमयुक्त फायबर वर्धकही याच भागात काम करतात. त्यामुळे १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या ‘सी’ पट्ट्यात एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक प्रवाह पाठवतात. वाहिन्यांमध्ये ५० गिगाहर्ट्झचे अंतर ठेवले, तर शेजारच्या दोन वाहिन्यांत जेमतेम ०.४ नॅनोमीटरचा फरक असतो आणि ऐंशीहून अधिक वाहिन्या मावतात. ठरावीक तरंगलांबीचे लेसर वापरायचे, तर प्रत्येक वाहिनीसाठी वेगळा नग आणि त्याचा वेगळा राखीव नग ठेवावा लागे. ट्यूनेबल लेसरला बाजारपेठ मिळाली ती मुख्यतः गोदामाच्या या डोकेदुखीमुळे. वाहिन्या हव्या तेव्हा वळवणारे संदेशवहनाचे जाळे हा पुढचा लाभ.

साध्या डीएफबी (डिस्ट्रिब्यूटेड फीडबॅक) लेसरची तरंगलांबी तापमानाने बदलते, पण अंशामागे फक्त सुमारे ०.१ नॅनोमीटर. विवर्तन जाळीच्या आरशात विद्युतप्रवाह सोडल्यास वाढलेल्या वाहकांमुळे अपवर्तनांक घटतो; तरीही पल्ला दहाएक नॅनोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील लॅरी कोल्ड्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘सॅम्पल्ड ग्रेटिंग’ रचनेने ही कोंडी फोडली. यात जाळी सलग नसते. ठरावीक अंतराने ती गाळलेली असते. अशा आरशातून एकाऐवजी समान अंतरावरील अनेक तरंगलांब्या परावर्तित होतात. पुढच्या आणि मागच्या आरशांतील ही अंतरे किंचित वेगळी ठेवतात. शाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरवर दोन मापपट्ट्यांच्या रेघा एकाच ठिकाणी जुळतात, तशा दोन्ही आरशांच्या तरंगलांब्या एकाच जागी जुळतात आणि लेसर तिथेच चालतो. एका आरशाचा प्रवाह थोडा बदलला की जुळणी शेजारच्या जोडीवर उडी घेते. थोड्या बदलातून मोठा पल्ला, ही या रचनेची खरी करामत. त्यामुळे सुमारे ४० नॅनोमीटरचा पल्ला, म्हणजे अख्ख्या ‘सी’ पट्ट्याहून थोडा अधिकच, आवाक्यात आला. याच चिपवर प्रकाशवर्धक आणि प्रकाशावर माहिती चढवणारा माख-झेंडर मॉड्युलेटरही घालता येतात. कोल्ड्रन यांच्या सहभागाने १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अजिलिटी कम्युनिकेशन्सने हा लेसर व्यापारी स्वरूपात आणला. २००५ मध्ये ती कंपनी जेडीएसयूने घेतली.

उणिवाही आहेत. प्रवाहातील सूक्ष्म चढउतारांनी वर्णरेषा रुंदावते, मेगाहर्ट्झच्या घरात जाते. प्रकाशाच्या कलेत (फेजमध्ये) माहिती भरणाऱ्या कोहेरंट प्रणालींना ती याहून बरीच अरुंद लागते. म्हणून काही रचनांत आरसे प्रवाहाऐवजी सूक्ष्म तापकांनी बदलतात. तरंगलांबी बदलण्याचा वेग कमी होतो, पण गोंगाट टळतो. शिवाय कोणतेही दोन नग हुबेहूब सारखे नसतात. कारखान्यात प्रत्येक चिपचे मोजमाप करून कोणत्या वाहिनीला कोणत्या भागात किती प्रवाह द्यायचा याचा तक्ता बनवतात आणि तो मॉड्यूलच्या स्मृतीत साठवतात.