मांसाहाराची ओढ

मटण, कोंबडी, मासळी वारंवार खावीशी वाटणे. ही सवय की व्यसन, हा वाद दोन्ही बाजूंनी हिरिरीने घातला जातो. वैद्यकाचा कौल मात्र सवयीकडे आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात दारू, तंबाखू, अफू आणि जुगारही आहे, मांस नाही.

ओढीला शारीरिक आधार आहे. मांसातून प्रथिने, लोह आणि वनस्पतींत सहसा न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व मिळते. रस्सा चवदार लागतो तो बराचसा ग्लुटामेटमुळे. किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये जपानमध्ये ते वेगळे काढले, पण मांसातून नव्हे, समुद्रशेवाळातून. आपल्याकडची निम्मी ओढही बहुधा भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची असते. मालवणी घरात मांस न खाण्याचा वार असला की कोंबडीऐवजी काळ्या वाटाण्याचे सांबार होते आणि वडे तितकेच संपतात.

खरी कसोटी श्रावणाची. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, मटणाच्या दुकानापुढे रांगा लागतात. दुसऱ्या दिवसापासून अनेक घरांत वशाट बंद. काहीजण गणपती होईपर्यंत पाळतात. श्रावण लागताच कित्येकजण दारूही सोडतात आणि दोहोंतला फरक उघडा पडतो. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, क्वचित झटकेही येतात. मटण सोडणारा फार तर ताटाकडे बघून कुरकुरतो. तुळशीची माळ घातलेले वारकरी तर जन्मभरासाठी सोडतात, तेही कोणत्याही औषधोपचाराविना.

म्हणून ही ओढ कमकुवत ठरत नाही. तिचे बळ रक्तापेक्षा गोतावळ्यात आहे. जावयाचा पाहुणचार, गावची जत्रा, देवाला बोललेला बोकड, रविवारचे जेवण यांतून ती वर्षभर पोसली जाते. कोकणातील काही घरांत गौरीलाही तिखटाचा नैवेद्य असतो. तिथे देवीच श्रावणाचा उपास मोडून देते. कोणते मांस चालते आणि कोणते नाही, हेही जिभेआधी जात आणि घर ठरवते. त्यामुळे एकट्याने मांस सोडणाऱ्याला जिभेपेक्षा जास्त त्रास होतो तो पंगतीतल्या आग्रहाचा, आणि मांस न खाणाऱ्या घरात चोरून खाणाऱ्याला शेजाऱ्यांच्या नाकाचा.