परिवलन-ध्रुवित सुरंगन, एकेका अणूतील

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर सुटा असलेला अणू आणि त्याच्या वर अत्यल्प अंतरावर धरलेले चुंबकीय सुईचे टोक यांच्यामधील निर्वातातून इलेक्ट्रॉन पार होताना एका दिशेचे परिवलन असलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या दिशेच्या इलेक्ट्रॉनांपेक्षा अधिक संख्येने जातात. या आविष्काराला परिवलन-ध्रुवित सुरंगन म्हणतात. परिवलन हा इलेक्ट्रॉनाचा ‘स्पिन’ या नावानेही परिचित असलेला अंगभूत गुणधर्म होय. चुंबकत्व हा दीर्घकाळ असंख्य अणूंचा सामूहिक गुणधर्म म्हणूनच अभ्यासला गेला. या आविष्कारामुळे एकाच अणूच्या चुंबकीय परिबलाची दिशा ओळखणे शक्य झाले. मात्र मोजलेला फरक अणूच्या उंचीचा वा रासायनिक स्वरूपाचा नसून खरोखर चुंबकीय आहे, हे सिद्ध करणे ही या संशोधनातील मुख्य अडचण होती.

तत्त्व : पुंजयामिकीनुसार पुरेशी ऊर्जा नसतानाही इलेक्ट्रॉन अरुंद अडथळ्यातून पलीकडे जाऊ शकतो; यालाच सुरंगन म्हणतात. लोहचुंबकीय पदार्थात प्रवाहात भाग घेणाऱ्या ऊर्जेच्या पातळीवर दोन्ही परिवलन-दिशांच्या अवस्थांची संख्या असमान असते. त्यामुळे टोक आणि नमुना यांची चुंबकने समांतर असताना वाहणारा प्रवाह ती प्रतिसमांतर असतानाच्या प्रवाहाहून भिन्न असतो. [→ पुंजयामिकी].

पूर्वेतिहास : परिवलनाची कल्पना जी. ई. ऊलेनबेक व एस. ए. गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. सुरंगन-प्रवाहातील तिचा परिणाम आर. मेझर्व्ही व पी. एम. टेड्रो यांनी अमेरिकेत मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९७१ मध्ये निकेलावर दाखविला. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अतिसंवाहक ॲल्युमिनियमाच्या पातळ पटलातील ऊर्जा-अवस्था परिवलनानुसार विभागतात. या पटलाचाच त्यांनी परीक्षक म्हणून उपयोग केला. १९७५ मध्ये फ्रान्समध्ये एम. झूल्येर यांना लोह व कोबाल्ट यांच्यामध्ये जर्मेनियमाचा थर असलेल्या रचनेत ४·२ के. तापमानाला संवाहकतेत सु. १४% बदल आढळला. सामान्य तापमानाला हा परिणाम ठळकपणे मिळविण्याचे श्रेय १९९५ मधील प्रयोगांना आहे. त्यांपैकी एका गटाचे प्रमुख जगदीश मूडेरा हे मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे विद्यार्थी होत. या सर्व मापनांत विस्तृत पृष्ठाची सरासरीच मिळत असे.

सूक्ष्मदर्शकाचा उपयोग : जी. बिनिग व एच. रोरर यांनी झुरिक येथे १९८१ मध्ये क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शक सिद्ध केला व १९८६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. टोकाचे अंतर ०·१ नॅनोमीटरने वाढल्यास प्रवाह सु. दहा पटींनी घटतो. या संवेदनशीलतेमुळेच परिवलनजन्य फरक व उंचीतील फरक यांची गल्लत होण्याचा धोका निर्माण होतो. आर. व्हीझेंडांगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये क्रोमियमाच्या स्फटिकावर हा प्रश्न कौशल्याने हाताळला. त्याच्या पृष्ठावरील लागोपाठच्या पायऱ्यांची चुंबकने परस्परविरुद्ध असतात. क्रोमियम डाय-ऑक्साइडाच्या चुंबकीय टोकाने मोजले असता ०·१४४ नॅनोमीटरच्या समान पायऱ्या आलटून पालटून अधिक व कमी उंच भासल्या. चुंबकीय नसलेल्या टोकाने असे होत नाही. पुढे २००० मध्ये टंगस्टनावरील मँगॅनिजाच्या एकाणुक थरातील शेजारशेजारच्या अणूंचे विरुद्ध चुंबकन प्रत्यक्ष दिसले.

एकेका अणूचे मापन : कॅलिफोर्नियातील बर्कली येथे २००७ मध्ये कोबाल्टाच्या सूक्ष्म बेटांवर ठेवलेल्या सुट्या अणूंचे परिवलन-ध्रुवण मोजण्यात आले. लोहाचे अणू बेटाला समांतर, तर क्रोमियमाचे प्रतिसमांतर आढळले. पुढील वर्षी हँबर्ग येथे ०·३ के. तापमानाला प्लॅटिनमावरील एकेका कोबाल्ट अणूचे चुंबकन-वक्र काढण्यात आले. तथापि प्रवाह हे अणूच्या एकूण चुंबकनाचे सरळ माप नव्हे. चुंबकत्वाचा मुख्य वाटा उचलणारे ‘डी’ कक्षेचे इलेक्ट्रॉन निर्वातात लवकर क्षीण होतात, तर ‘एस’ व ‘पी’ प्रकारचे दूरवर पोहोचतात. त्यामुळे अणूच्या वर आढळणारे ध्रुवण कधीकधी अपेक्षेच्या उलटही असते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या ०·३५ के. तापमान व ९ टेस्ला क्षेत्रात चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिसंवाहक पटलांच्या अभ्यासासाठी असलेल्या या उपकरणाच्या कर्त्यांपैकी आनंद कमलापुरे पुढे हँबर्गच्या गटात सहभागी झाले. या गटाने २०१७ मध्ये अतिसंवाहक टँटॅलमावरील एकेका लोह अणूच्या अवस्थांचे परिवलनानुसार पृथक्करण केले. शून्याच्या दोन्ही बाजूंना समान विद्युत् दाबावर आढळणाऱ्या जोड-अवस्थांचे ध्रुवण परस्परविरुद्ध असल्याचे त्यात दिसून आले.

महत्त्व : माहितीची चुंबकीय नोंद किती लहान करता येईल, या प्रश्नाशी हा विषय निगडित आहे. २०१२ मध्ये लोहाच्या १२ अणूंत व २०१७ मध्ये होल्मियमाच्या एकाच अणूत एक बिट साठवून परिवलन-ध्रुवित प्रवाहाने वाचण्यात आले. दुसऱ्या प्रयोगात शेजारच्या लोह अणूच्या परिवलन-अनुस्पंदनाने होल्मियमाचे चुंबकीय परिबल स्वतंत्रपणे मोजले गेले; परिणामी चुंबकीय अवस्था केवळ प्रवाहातील फरकावरून मानण्याची गरज उरली नाही. असे प्रयोग काही केल्व्हिन वा त्याहून कमी तापमानाला व अतिनिर्वातात करावे लागत असल्याने त्यांचे व्यावहारिक उपयोग मर्यादित आहेत.