चाकातून निघालेली लहर

बिनतारी यंत्र म्हटले की कोणाला व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आठवेल, कोणाला हातातला मोबाइल. चाक मात्र कोणालाच आठवणार नाही. पण स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, वारबर्ग शहराच्या शेजारी ग्रिमेटन नावाचे खेडे आहे. तिथे रेडिओलहर निर्माण करणारे एक पोलादी चाक जपून ठेवले आहे, आणि ते अजून फिरते.

हे चाक तिथे कसे आले? १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्रतळावरच्या तारा तोडल्या. स्वीडन युद्धात नव्हता, तरी त्याचा अमेरिकेशी चालणारा तारव्यवहार परक्यांच्या तारांवरूनच जाई. तिकडे तर लाखो स्वीडिश लोक पोटापाण्यासाठी गेलेले. पत्र पोचायचे तेव्हा पोचेल, पण तार दुसऱ्याच्या मेहेरबानीवर! म्हणून १९२० साली तिथल्या संसदेने आपले स्वतःचे बिनतारी केंद्र उभारायचे ठरवले. १९२४ च्या डिसेंबरात काम सुरू झाले आणि २ जुलै १९२५ रोजी राजे पाचवे गुस्ताव यांनी त्याचे उद्घाटन केले.

यंत्र रचणारा अर्न्स्ट अलेक्झांडरसन हाही जन्माने स्वीडिशच. उप्सालात १८७८ मध्ये जन्मला आणि इंजिनियर होऊन अमेरिकेत गेला. त्याची युक्ती अशी. चाकाचा व्यास १.६ मीटर. त्याच्या कडेला ४८८ खाचा, त्यांत अचुंबकी धातू भरलेला. चाक चुंबकाच्या जबड्यातून फिरू लागले की पोलाद आणि खाच आळीपाळीने पुढे येतात. चुंबकत्व वाढते, कमी होते, आणि शेजारच्या तारांत वीज मागेपुढे झुलते. चाकाचे मिनिटाला २११५ फेरे, म्हणजे सेकंदाला ३५.२५. त्याला ४८८ ने गुणा. उत्तर येते १७,२०२. म्हणजे सेकंदाला सुमारे १७.२ हजार झोके, यालाच आपण १७.२ किलोहर्ट्झ म्हणतो. शाळेतल्या मुलांना हा गुणाकार जरूर करायला द्यावा; सातवीच्या गणितातून रेडिओ निघतो.

ऐकायला सोपे, पण त्या चाकाची कड ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने पळते आणि दोन्ही बाजूंची फट जेमतेम एक मिलिमीटर! शिवाय तारायंत्राची कळ दाबली की चाकावर भार येणार आणि ते मंदावू पाहणार. पाचशेत एकाने जरी मंदावले तरी लहर ३४ झोक्यांनी सरकेल आणि अमेरिकेतल्या ऐकणाऱ्याच्या हातून निसटेल. म्हणून वेग जागच्या जागी धरून ठेवणारी योजना करावी लागली. माझ्या मते अलेक्झांडरसनची खरी हुशारी चाकापेक्षा इथे आहे.

एवढे करूनही अर्धेच काम झाले. सेकंदाला १७,२०० झोके म्हणजे एका लहरीची लांबी सुमारे साडेसतरा किलोमीटर. ती नीट आकाशात सोडायची तर तिच्या पावपट उंचीचा, म्हणजे चार किलोमीटरहून उंच मनोरा हवा! तो कोण बांधणार? ग्रिमेटनला १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे उभारून त्यांवर दोन किलोमीटरहून लांब तारा ताणल्या. तरीही २०० किलोवॉट शक्तीतला लहानसा भागच लहर होऊन बाहेर पडे.

पुढे व्हॉल्व्ह सुधारले आणि लघुलहरींनी बाजी मारली. त्यांना एवढे मनोरे लागत नव्हते की एवढी वीजही. १९२७ मध्ये इंग्लंड-हिंदुस्थान बीम सेवा सुरू झाली ती लघुलहरींवरच. तिचे प्रेषणकेंद्र आपल्या खडकीला आणि ग्रहणकेंद्र दौंडला होते. ग्रिमेटन मात्र मोडीत निघाले नाही. लांब लहर समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरते, म्हणून पाणबुड्यांसाठी ते १९९० नंतरही काही वर्षे चालले. २००४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले.

आता तेच झोके नखाएवढा मायक्रोकंट्रोलर मोजून देतो. एक उदाहरण घेऊ. जर्मनीत माइनफ्लिंगेन येथून १९५९ पासून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळ सांगितली जाते. दर सेकंदाला लहर क्षणभर क्षीण होते. दशांश सेकंद क्षीण झाली तर शून्य, दोन दशांश झाली तर एक. मिनिटभरात तारीख-वेळ पुरी. तिकडची घड्याळे हे ऐकून आपोआप जुळतात. एखाद्या नातेवाइकाने तसले घड्याळ इकडे आणले, की ते बिचारे लहर शोधत बसते. ती इथवर पोचत नाही.

अशा घड्याळाजवळ ठेवायला हौशी मंडळी छोटा प्रेषक करतात. मायक्रोकंट्रोलरचा स्फटिक सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतो. त्याला ७७,५०० ने भागले तर २०६ पूर्ण आणि वर शेष. नुसते २०६ ठोके धरले तर लहर पुढे पळते, २०७ धरले तर मागे पडते, आणि घड्याळ कान देत नाही. मग काय करायचे? आपल्या पंचांगकर्त्यांनी अधिकमासाने जे केले तेच! ३१ झोक्यांपैकी १७ झोके २०६ ठोक्यांचे, १४ झोके २०७ ठोक्यांचे. बेरीज बरोबर ६४०० ठोके, आणि सरासरी नेमकी ७७.५ किलोहर्ट्झ.

हा झोका चौकोनी, खडबडीत असतो. त्याच्या तिप्पट, पाचपट वेगाचे आगंतुक झोकेही त्याच्यासोबत येतात. फेराइटच्या कांडीवर तारेचे वेटोळे गुंडाळून, योग्य कंडेन्सर जोडून ते सुरात लावले की आगंतुक बहुतेक गळतात. ट्रान्झिस्टर लावून त्याला थोडा जोर देतात.

पण लहरीची लांबी इथेही जवळजवळ चार किलोमीटर, आणि कांडी वीतभर. म्हणून हा प्रेषक शेजारच्या टेबलावरच्या घड्याळापुरताच बोलतो. त्याहून लांब पाठवायचे, तर सरकारचा परवाना काढावा लागेल, आणि मग ग्रिमेटनसारखे मनोरे.