तंबाखूची मनाई

सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा दूत असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला, तेव्हा बादशहासाठी आणलेल्या नजराण्यांत तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी होती. आपल्या वैद्यकाने ज्या द्रव्याची परीक्षा केलेली नाही ते सेवन करणे इष्ट नव्हे, असे हकिमाने निक्षून सांगितल्यावर अकबराने दोन-तीन झुरक्यांवर हात आवरला. परंतु असदबेगाने उरलेला साठा सरदारांत वाटला, आणि सरदारांची हौस पाहून व्यापाऱ्यांनी त्याचा बाजार मांडला.

१६१७ साली जहांगीराने, तंबाखूमुळे पुष्कळांच्या प्रकृतीस अपाय होतो असे कारण आत्मवृत्तात नमूद करून, तिच्या मनाईचे फर्मान काढले. इराणात शाह अब्बासानेही तशीच मनाई केली होती. परंतु जहांगीराचा तेथील एलची खान आलम तंबाखूवाचून क्षणभर राहू शकत नाही असे समजताच त्याच्यापुरती ती शिथिल झाली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मनाईला पहिले भगदाड पडले ते एका प्रतिष्ठिताच्या सोयीसाठी.

पुढे सोयीची जागा महसुलाने घेतली. १९४३ साली ब्रिटिश सरकारने तंबाखूवर उत्पादनशुल्क बसवले. परळचे टाटा रुग्णालय तेव्हा दोन वर्षांचे होते; त्या करातून तिजोरीत काय आले याचा हिशेब दरसाल झाला, मुखकर्करोगाने घरे किती बसली याचा मात्र कोणी मांडला नाही.

महाराष्ट्राने २००२ साली गुटखा बंद केला. अन्नभेसळीच्या कायद्याखाली असा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्यास नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ती बंदी रद्द केली, आणि नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे २०१२ साली ती पुन्हा आली. तरीही चोरट्या वाटेने आलेली पुडी टपरीवर मिळतेच. म्हणून कायदे निष्फळ ठरतात असे म्हणणे अन्यायाचे होईल : २००३ चा केंद्रीय कायदा, २००८ पासून कडक झालेली सार्वजनिक धूम्रपानबंदी, वेष्टनांवरील चित्रे, वाढते कर या साऱ्यांच्या काळात देशातील तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर उतरले.

२०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांना मनाई केली आहे. हे व्यसन येथे रुजण्यापूर्वीच मनाई झाली, ही संधी जहांगीरास लाभली नव्हती. अमलदारांनी टपरीवाल्याच्या चार पुड्या जप्त करून समाधान न मानता माल जेथून निघतो त्या कारखान्याच्या आणि गोदामाच्या दारापर्यंत जावे, आणि तेथे कोणाचीही प्रतिष्ठा पाहू नये.