त्या आवाजाचा धनी कोण?

नभोवाणीवरून येणाऱ्या शब्दाला चेहरा नसतो. बोलणारा कोण हें श्रोत्याला केवळ आवाजावरून ताडावें लागतें, आणि तेथेंच तो बहुधा फसतो.

१९४१ च्या मे महिन्याच्या २३ तारखेस जर्मन श्रोत्यांना लघुलहरींवर एक नवें केंद्र ऐकूं आलें. 'गुस्ताव्ह झीगफ्रीड आइन्स' हें त्याचें नांव. त्यावरून बोलणारा इसम स्वतःस 'डेर शेफ', म्हणजे म्होरक्या, म्हणवी. त्याची भाषा जुन्या प्रशियन शिपाईगड्याची, रांगडी व शिवराळ. चर्चिलला तो यथेच्छ शिव्या देई. हिटलरविषयीं त्याची निष्ठा अभंग दिसे. मात्र नाझी पक्षाचे अंमलदार कसे लाचखाऊ व चैनी झाले आहेत, याचा पाढा तो नांवागांवांसह वाची. शत्रूचा मनुष्य चर्चिलला शिव्या देईल, अशी शंका तरी कोणास यावी?

प्रत्यक्षांत हा म्होरक्या म्हणजे जर्मनींतून परागंदा झालेला पेटर झेकेलमान नांवाचा लेखक होता. त्याचा बोलविता धनी सेफ्टन डेल्मर हा बर्लिनमध्यें जन्मलेला इंग्रजी वृत्तपत्राचा बातमीदार. आणि केंद्र होतें खुद्द इंग्लंडांत! जर्मन वर्तमानपत्रें, मध्येंच अडविलेलीं पत्रें, युद्धकैद्यांचीं चोरून ऐकलेलीं संभाषणें, यांतून बारीकसारीक खरे तपशील वेंचून त्यांत खोटें मिसळलें जाई. ओळखीची गल्ली व ओळखीचें नांव कानीं पडलें, कीं श्रोता पुढचेंही खरें मानी.

नोव्हेंबर १९४३ मध्यें, गुप्त पोलिसांनीं म्होरक्यास गाठून गोळ्या घातल्या, असा देखावा करून केंद्र बंद करण्यांत आलें. परंतु जर्मन न समजणाऱ्या यंत्रज्ञानें तीच ध्वनिमुद्रिका पुन्हां लावली आणि बिचारा दोनदां मेला, असें डेल्मर सांगतो.

गोष्ट मोठी गमतीची आहे. म्हणूनच ती जपून घ्यावयास हवी. १९६२ सालच्या आपल्या 'ब्लॅक बूमरँग' या ग्रंथांत ती सांगणारा गृहस्थ असत्य सजविण्याच्या कलेंत मुरलेला होता. याउलट, केंद्राच्या अश्लीलतेबद्दल १९४२ मध्यें खुद्द ब्रिटिश मंत्रिमंडळांत तक्रार झाली, या गोष्टीचें मोल निराळें. तक्रार करणारे स्टॅफर्ड क्रिप्स, म्हणजे त्याच वर्षीं हिंदुस्थानांत वाटाघाटींसाठीं आलेले, त्यांना डेल्मरची कीर्ति वाढवावयाची नव्हती. आज निवृत्त हेर पॉडकास्टवरून आपले पराक्रम रंगवून सांगतात, तेव्हां त्यांच्या कथेला असा एखादा क्रिप्स भेटतो कीं नाहीं, हें श्रोत्यानें आधीं पाहावें. सांगणारा तेथें हजर होता, एवढ्यानें साक्ष पुरी होत नाहीं.

म्होरक्यानें पसरविलेली मुख्य कल्पना अशी, कीं सैन्य सच्चें व पक्ष तेवढा भ्रष्ट. युद्ध संपल्यावर जर्मन सेनाधिकारी हीच कल्पना आपल्या बचावासाठीं पुढें करूं लागले, आणि ती खरी मानणारे लोक खुद्द इंग्लंडांतही निघाले. ग्रंथाच्या नांवांतील उलटून येणारें अस्त्र तें हेंच.