इतिहासाची पाने

इतिहासाची पाने म्हटलं की सभ्य माणसाला पिवळे पडलेले कागद आठवतात. पुसदच्या एखाद्या जुन्या गॅरेजात मात्र ती काळी, तेलकट आणि लोखंडाची असतात. गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवलेली.  कापसाच्या गाठींपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांची भिस्त रस्त्यावर, आणि रस्त्यावरच्या गाड्यांची भिस्त मिस्त्रीवर.

पहिलं पान इंग्रजांचं. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांचं माप ठरवून दिलं. तोवर ज्या कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याचा नट, अशी पोटजातीतली सोयरीक चाले. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. अर्धा इंच लिहायचं आणि तोंड त्याहून बरंच मोठं उघडायचं, हे साम्राज्याचं धोरण पान्यातही उतरलं होतं. १९५५ पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेली बुलेट हीच मापं घेऊन आली. जीप अमेरिकन घराण्यातली. इंच तेच, पण मोजायचे नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले! टेल्कोनं १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले, ते मिलिमीटरवाले. पुढे १९५६ चा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनमापं लागू होऊ लागली, शेर गेला, किलो आला. पण जुन्या गाड्यांच्या नटांना कायद्याची प्रत कुणी धाडली नाही. नाशिकच्या टपारियानं १९६९ पासून स्वीडिश सहकार्यानं देशी हत्यारं काढली, तरी नट आपले तीन देशांचे ते तीन देशांचेच राहिले.

आता गंमत पाहा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. तिथे १९ चा पाना गुण जुळल्यासारखा बसतो. अर्धा इंच मात्र १२.७. तिथे १३ चा पाना बसल्यासारखा दिसतो. नटाचे सहा कोपरे झिजतात ते या ‘बसल्यासारख्या’त. मग ओरड ऐकू येते, “भाऊ, नट नाई फिरून राह्यला, पाना फिरून राह्यला!” त्यानंतर येते छन्नी-हातोडी. तिला दुरुस्ती म्हणत नाहीत, शवविच्छेदन म्हणतात.

म्हणून जाणता मिस्त्री घट्ट नट आधी रिंग पान्यानं सैल करतो, कारण तो सगळे कोपरे धरतो. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू पकडतो. तो मागाहून भरभर फिरवायला. तोंड कमीजास्त होणारा पाना म्हणजे सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा पुढारी. घरात असावा, पण घट्ट कामाला बोलावू नये. त्यात १९८५ मध्ये हिरो होंडा जपानी रीत घेऊन आली. त्याच ८ मिलिमीटरच्या बोल्टला युरोप १३ चं डोकं देतो, जपान १२ चं. पोऱ्यानं ‘बारा-तेरा’ हा एकच पाना दोन्ही तोंडांनी का वापरायचा, याचं कारण हे असं आंतरराष्ट्रीय आहे.

हवेची गन त्या मानानं पोरसवदा. रॉबर्ट पॉट या अमेरिकन माणसानं १९३४ मध्ये ठोके देत फिरणारा यांत्रिक पाना काढला. चाकाचे नट ती चुटकीसरशी सोडवते, यात वाद नाही. पण आवळायलाही तीच धरली की फसगत. दोन-तीन आटे बोटांनी बसवावेत, समोरासमोरचे नट आळीपाळीनं हातानं आवळावेत, शेवटी टॉर्क पाना. गनला थांबायचं कुठे ते कळत नाही. रात्री दिग्रसच्या रस्त्यावर चाक बसतं, गाडीत दवाखान्यात न्यायचं माणूस असतं, आणि डिकीतल्या वीतभर पान्यावर उभं राहून नाचलं तरी नट ढिम्म हलत नाही.

तेव्हा टायर बसवून झाला की डिकीतला पाना काढावा आणि एक नट तिथेच सोडून, पुन्हा आवळून पाहावा. मिस्त्री विचारेल, “काहून भाऊ, इस्वास नाई का?” सांगावं, “तुमच्यावर आहे हो. गनवर नाही.”