फेसाळ पेशींची गोष्ट

गेल्या वर्षीच्या तपासणीत माझे कोलेस्टेरॉल ठीक निघाले, पण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा ए-वन-सीचा आकडा ६.१ आला. "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. हृदयाला जपा," असे सांगून डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडे गेल्या. मी मात्र बुचकळ्यात पडलो. आज पोट सॉफ्टवेअरवर भरत असलो तरी माझी डॉक्टरेट नळांतून वाहणाऱ्या द्रवांवरची. धमनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचणारा गाळ, हे चित्र डोक्यात पक्के. गाळच नाही तर नळ तुंबेल कसा? आणि साखर तर पाण्यात विरघळते! या अडाणी प्रश्नामागे लागल्यावर जो इतिहास हाती आला, तो इथे मांडतो आहे. मी वैद्य नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझे गाळाचे चित्र एकोणिसाव्या शतकातले निघाले. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत की रक्तातले पदार्थ धमनीच्या आतल्या बाजूवर थराथराने साचतात. जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखोव यांनी १८५६ मध्ये वेगळेच सांगितले: भिंत स्वतःच आजारी पडते, तिच्यात दाह होतो. नळाची भिंत जिवंत असते, ही कल्पनाच आम्हां इंजिनिअरांना परकी!

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय आनिच्कोव यांनी सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल मिसळून सशांना खाऊ घातले. सशांच्या धमन्या बिघडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना मेदाच्या थेंबांनी गच्च भरलेल्या, फेसासारख्या दिसणाऱ्या पेशी आढळल्या. जगाने या प्रयोगातले कोलेस्टेरॉल तेवढे लक्षात ठेवले. त्या फेसाळ पेशी कित्येक वर्षे मागेच राहिल्या.

खरे तर त्यांची कुळकथा आधीच लिहिली गेली होती. १८८२ मध्ये सिसिली बेटावरच्या मेसिना गावी एली मेचनिकॉव यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्या वस्तूला गिळू पाहणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फेसाळ पेशी म्हणजे बहुतांशी अशाच भक्षक पेशी. त्या इतक्या का फुगतात, याचा एक धागा १९७९ मध्ये डॅलसच्या गोल्डस्टीन आणि ब्राउन यांना सापडला. इतर पेशी गरजेपुरते कोलेस्टेरॉल घेऊन दार लावून घेतात. भक्षक पेशींना मात्र बिघडलेले कोलेस्टेरॉलचे कण आत घेणारे एक दार आहे, आणि पोट भरले तरी ते मिटत नाही. पंगतीत 'पुरे' म्हणता न येणाऱ्या पाहुण्यासारखी त्यांची गत होते. पुढे १९९९ मध्ये सिअ‍ॅटलच्या रसेल रॉस यांनी या विकाराला सरळ दाहाचा आजार म्हटले. फिरखोव यांचा शब्द १४३ वर्षांनी पुन्हा मानाने परत आला.

आता साखर. बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या पाहणीने १९७९ मध्ये दाखवले की मधुमेह्यांना धमनीविकाराचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. पण का? उत्तराचा एक भाग चरबीत होता. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत दाह पेटवणारे एक प्रथिन सापडले आणि २००३ मध्ये कळले की लठ्ठपणात चरबीमध्येही भक्षक पेशींची गर्दी होते.

माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले ते २०१३ च्या न्यूयॉर्कमधल्या संशोधनात. प्रभाकर नागरेड्डी आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांत पाहिले की साखर वाढली की रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी विशिष्ट प्रथिने सोडतात. त्यांचा निरोप थेट हाडांतल्या मज्जेत पोचतो आणि मज्जा जास्तीच्या पांढऱ्या पेशी बनवू लागते. त्यांतल्या काही धमनीच्या भिंतीत शिरतात. कोलेस्टेरॉल उतरवले तरी या उंदरांच्या धमन्या नीट सुधारत नव्हत्या. साखरही उतरवल्यावर सुधारल्या. म्हणजे मी बिघाड नळात शोधत होतो आणि कारखाना चालू होता हाडात! पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की लठ्ठपणात चरबीतल्या भक्षक पेशीही इंटरल्युकिन-१-बीटा या रेणूमार्फत मज्जेला अशीच चिथावणी देतात. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने मधुमेही उंदरांची मज्जा साखर नसलेल्या उंदरांत घातली, तरी धमन्या जास्त बिघडल्या. मज्जा जुनी साखर विसरत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण २०१७ च्या कँटोस चाचणीत, पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०,०६१ रुग्णांवर याच रेणूला रोखणारे इंजेक्शन वापरून पाहिले. कोलेस्टेरॉल न उतरताही मधल्या मात्रेने झटके, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के कमी झाले. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मात्र थोडे वाढले. पहारेकऱ्याला झोपवले की चोरही शिरणारच. आणि साखर वाटेल तशी दाबूनही चालत नाही: २००८ मध्ये अकॉर्ड चाचणीत कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू वाढल्याने ते उपचार थांबवावे लागले.

"पण मी लठ्ठ कुठे आहे?" हा माझा शेवटचा बचाव. तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी मोडला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा २५ वरून २३ वर आणली.

माझा निर्देशांक २३.८. परवा सौभाग्यवतींच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून गुपचूप कमरही मोजली. तो आकडा मात्र इथे छापत नाही.